चौऱ्याऐंशी सालची फाइल

जून महिन्यातली गोष्ट. दुपारची जेवणं आटोपून जरा आडवी झाले होते, तेवढ्यात फोन वाजला. "बाई, मला ओळखलंत का?" शिक्षकी पेशातल्या माणसाला निवृत्तीनंतर सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच! आवाजावरून नाही ओळखलं. नाव सांगितल्यावर मात्र खिडकीजवळच्या बाकावरचा एक मुलगा डोळ्यांसमोर आला. बोलायचा कमी, अक्षर सुरेख.

त्याच्या मुलीला बारावीनंतर प्रवेश घ्यायचा होता. जात पडताळणीसाठी वडिलांचा शाळेतला पुरावा हवा. त्याचा शाळा सोडल्याचा दाखला २०१९ च्या कृष्णेच्या पुरात इतर कागदांबरोबर गेला. शाळेत जाऊन आला, तर तिथले कारकून म्हणाले, "कुठल्या साली दाखल झालात आणि रजिस्टर नंबर काय तेवढं सांगा, उतारा लगेच देतो. तीस वर्षांची रजिस्टरं चाळायला माझ्याकडे माणूस नाही." त्यांचंही चूक नव्हतं. पण ह्याला साल आठवेना. आईवडील ऊसतोडीला जायचे, त्यांच्याबरोबर तोही जायचा. शाळा सुटायची, पुन्हा धरायची, पुन्हा सुटायची. शहाऐंशी असेल म्हणाला, मग म्हणाला पंचाऐंशी. कुणीतरी त्याला सांगितलं होतं, की बाईंकडे यादी आहे.

यादी होती खरी. निवृत्तीनंतर हाताला काही काम हवं म्हणून मी मुख्याध्यापकांच्या परवानगीनं आमच्या जनरल रजिस्टरांची सूची संगणकावर उतरवली होती. ज्यांनी शाळेत नोकरी केली त्यांना जनरल रजिस्टर म्हणजे काय हे सांगायला नको. मुलगा शाळेत आला की त्याला एक नंबर मिळतो, आणि त्या नंबरापुढे एका आडव्या ओळीत नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख, आधीची शाळा, दाखल झाल्याची तारीख, वर्तन, शाळा सोडल्याचं कारण असं सगळं येतं. माणसाचा सरकारदरबारी जन्म तिथे होतो म्हटलं तरी चालेल. मी एका वर्षाला एक अशा एक्सेलच्या तीस फायली केल्या. नावं आकड्यांत न देता अक्षरांत दिली : अडुसष्ट, एकोणसत्तर, सत्तर... थेट सत्त्याण्णवपर्यंत. मराठीच्या शिक्षिकेची हौस, दुसरं काय! ही हौस किती महागात पडणार होती ते पुढे येईलच.

पुण्याचा नातू इंजिनिअरिंगला आहे. त्यानं मागेच मला पायथॉन नावाच्या भाषेत वीस-पंचवीस ओळींची एक स्क्रिप्ट लिहून दिली होती. ती एकेक फाइल उघडते, आपण दिलेलं नाव तिच्यात शोधते आणि मिळालं तर नंबर सांगते. मी ती कधी चालवून पाहिली नव्हती. म्हटलं, आता वेळ आली.

चालवली. उत्तर आलं : अशी फाइल नाही.

समोर फोल्डर उघडा आहे, त्यात तीस फायली रांगेत बसल्या आहेत, आणि हा म्हणतो नाही! नातवाला फोन लावला. "आजी, तू उभी कुठे आहेस?" म्हणाला. मी म्हटलं, अरे उभी कशाला, खुर्चीवर बसलेय. हसायला लागला. त्याचा अर्थ असा, की स्क्रिप्ट चालवताना संगणक कुठल्यातरी एका फोल्डरमध्ये 'उभा' असतो. नुसतं फाइलचं नाव दिलं तर तो फक्त आपल्या पायापाशी बघतो. मी काळी खिडकी उघडली होती ती माझ्या घरच्या फोल्डरात, फायली होत्या दोन जिने खाली. "कोपऱ्यावरचं दुकान" असं सांगायचं, पण कुठल्या चौकातला कोपरा ते सांगायचंच नाही, तसं झालं.

आयुष्यभर इतिहास शिकवल्यामुळे मला एक खोड आहे. काही अडलं, की हे कुणी आणि कधी असं करून ठेवलं हे समजल्याशिवाय चैन पडत नाही. त्या दोन-तीन दिवसांत नातवाला विचारून आणि वाचून जे कळलं ते सांगते.

कागद पेटीत, पेटी खोलीत, खोली वाड्यात ही कल्पना आपल्याला नवी नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरात कागद रुमालांत बांधलेले असतात. अभ्यासक रुमालाचा क्रमांक देतो, त्यातल्या पुडक्याचा देतो, तेव्हा कुठे हवा तो कागद हाती येतो. संगणकात ही फोल्डरात फोल्डर घालण्याची पद्धत नीट मांडली गेली ती १९६५ साली. अमेरिकेत एमआयटी, बेल लॅब्ज आणि जनरल इलेक्ट्रिक मिळून मल्टिक्स नावाची प्रणाली बांधत होते. तिच्यासाठी डेली आणि न्यूमन ह्या दोघांनी एक निबंध वाचला, त्यात झाडासारख्या फांद्या फुटत जाणारी ही रचना आहे. मुळापासून फांद्या मोजत पानापर्यंत गेलं, की तो झाला पाथ, म्हणजे वाट. मल्टिक्समध्ये दोन नावांच्या मध्ये > हे चिन्ह घालत. आपण पत्ता लिहितो तो मुक्काम पोस्ट, मग तालुका, मग जिल्हा. हे लोक उलटे, जिल्ह्यापासून निघून घराच्या उंबऱ्यापर्यंत येणारे.

बेल लॅब्ज १९६९ मध्ये मल्टिक्समधून बाहेर पडली. तिथल्याच केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स उभी केली. झाडाची कल्पना त्यांनी ठेवली, चिन्ह मात्र / घेतलं, आपली साधी तिरपी रेघ. आजही इंटरनेटच्या प्रत्येक पत्त्यात तीच रेघ दिसते.

मग माझ्या विंडोजमध्ये उलटी रेघ \ कुठून आली? माझी दुसरी अडचण नेमकी हीच निघाली, म्हणून इथे जरा रेंगाळते.

नातू म्हणाला, पूर्ण पत्ता दे. मी फोल्डरच्या वरच्या पट्टीतून पत्ता उचलला आणि स्क्रिप्टमध्ये चिकटवला. सी:\ पासून सुरू होणारा, पुढे यूजर्स, पुढे माझं नाव, पुढे रजिस्टर, सगळं रोमन अक्षरांत. आता तर स्क्रिप्ट सुरूच होईना. म्हणे यूनिकोडची चूक. पत्ता कॉपी केलेला, त्यात माझ्या हातून चूक व्हायला जागाच नव्हती!

उलट्या रेघेची गंमत अशी, की ती जन्मली पत्त्यांसाठी नाहीच. बॉब बेमर नावाचे संगणकतज्ज्ञ १९६१ च्या सुमारास अक्षरांची प्रमाण यादी ठरवण्याच्या कामात होते. अल्गॉल भाषेत 'आणि' व 'किंवा' यांसाठी डोंगरासारखी आणि दरीसारखी अशी दोन चिन्हं लागत. साधी रेघ आणि उलटी रेघ एकमेकींना टेकवल्या की दोन्ही चिन्हं बनतात, /\ आणि \/. म्हणून त्यांनी उलटी रेघ यादीत आणली. १९६३ च्या आस्की संकेतात ती आली. पुढे अल्गॉल मागे पडली, रेघ मोकळीच राहिली. रिकाम्या घराला भाडेकरू मिळायला वेळ लागत नाही. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला रिची यांच्या सी भाषेनं तिला एक काम दिलं : उलटी रेघ दिसली की पुढचं अक्षर शब्दशः घ्यायचं नाही. तिच्यापुढे रोमन एन म्हणजे नवी ओळ, टी म्हणजे टॅबची मोकळी जागा, आर म्हणजे ओळीच्या सुरुवातीला परत जा. ही रीत पुढे कितीतरी भाषांनी उचलली, १९९१ मध्ये आलेल्या गिडो व्हॅन रॉसम यांच्या पायथॉननंही.

दुसरा भाडेकरू आला दुसऱ्या दारानं. १९८१ साली आयबीएमचा पीसी आला तेव्हा त्याच्या डॉसमध्ये फोल्डर नव्हतेच. सगळा कारभार फ्लॉपीवर, एका फ्लॉपीत मावतील तेवढ्या फायली, त्यांना फोल्डर कशाला! ड्राइव्हला ए, बी अशी अक्षरं देण्याची आणि नावाला आठ अधिक तीन अक्षरांची मर्यादा घालण्याची पद्धत गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एम प्रणालीतून आलेली. आज कुठल्याच नव्या संगणकाला फ्लॉपी नसते, तरी पहिली डिस्क 'सी'च असते. ए आणि बी ही स्वर्गवासी झालेल्या थोरल्या भावंडांची अक्षरं आहेत. १९८३ मध्ये पीसी एक्सटीबरोबर दहा मेगाबाइटची हार्ड डिस्क आली आणि डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले. युनिक्सची साधी रेघ घेणं सोपं होतं, पण ती आधीच गुंतलेली. डॉसमध्ये आज्ञेला पोटसूचना जोडायला साधी रेघ वापरत, आणि लोकांच्या हाताला ती सवय लागलेली. तेव्हा कीबोर्डवर तिच्यासारखीच दिसणारी पण उलटी कललेली रेघ होती, ती पत्त्यासाठी घेतली.

म्हणजे एकाच चिन्हाला दोन घरांत दोन वेगळी कामं. जोवर घरं वेगळी होती तोवर कुणाचं बिघडलं नाही. माझ्यासारखीनं विंडोजचा पत्ता उचलून पायथॉनमध्ये चिकटवला, की दोन्ही भाडेकरू समोरासमोर येतात.

माझ्या बाबतीत काय झालं ते आता कळेल. विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, प्रत्येकाचं घर 'यूजर्स' नावाच्या फोल्डरात असतं. पायथॉनच्या २००८ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत सगळा मजकूर यूनिकोड धरतात, आणि त्यात उलट्या रेघेपुढे मोठा रोमन यू आला तर पुढे आठ अंकी संकेतांक असायलाच हवा. यूजर्समधल्या यूपुढे कसले आकडे? म्हणून तो अडला. दोघांनी आपापल्या जागी बरोबर केलेलं, आणि मधल्यामध्ये मी मेले. नातवाच्या सांगण्यावरून तिथे उलट्या रेघा दोन केल्या, तर गाडी पुढच्या 'रजिस्टर'च्या आरवर अडली! शेवटी अवतरणचिन्हांच्या आधी एक लहान रोमन आर लिहिला, म्हणजे हा मजकूर कच्चा, जसाच्या तसा घ्या, अशी सूचना. (साध्या रेघा घातल्या असत्या तरी चाललं असतं. डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीपासूनच पोटात दोन्ही रेघा चालतात. हे आधी कुणी सांगितलं असतं तर?)

शेपटाचा घोळही झाला, तो थोडक्यात सांगते. विंडोज फायलीच्या नावाचं शेवटचं टोक आपल्यापासून लपवतं. काही फायली मी जुन्या एक्सेलमध्ये ठेवल्या होत्या, काही २००७ नंतरच्या नव्या पद्धतीत. दिसायला सगळ्या सारख्या, शेपटं निराळी. जुन्या सगळ्या नव्यानं साठवल्या. एक दुपार गेली.

आणि मग स्क्रिप्ट सुरळीत चालली. एकही तक्रार नाही. शेवटी एक ओळ आली : नाव सापडले नाही.

मला फार वाईट वाटलं. मी फोन हातात घेतला. "अरे, तुझं नाव आपल्या रजिस्टरात दिसत नाही," हे वाक्य मनात जुळवत होते. ते ऐकून तो काय करणार होता? मुलीला काय सांगणार होता? नंबर फिरवण्याआधी पडद्यावर पुन्हा एकदा नजर गेली. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, पाहिलेल्या फायली : सव्वीस.

सदतीस वर्षं हजेरी घेतली आहे मी. तीसपैकी सव्वीस म्हटल्यावर पहिला प्रश्न, चौघं कुठे गेले?

नातवाला विचारलं तर म्हणाला, "एखादी फाइल नसेल तर अडायला नको, म्हणून ती सोडून पुढे जा असं लिहिलंय मी." म्हटलं, वा रे शहाण्या! गैरहजर मुलाचं नाव हजेरीपटातून खोडून टाकल्यासारखंच झालं की हे. आधीच्या तक्रारींचा मला राग येत होता, पण त्यांनी निदान 'नाही' हे तोंडावर सांगितलं होतं. ही शेवटची चूक गप्प होती, आणि तिच्यामुळे मी एका माणसाला खोटं सांगणार होते.

चौघांची नावं काढायला लावली. एक अठ्ठ्याहत्तर. त्यात नातवानं एक ठ खाल्ला होता. फायलींच्या नावांची यादी त्यानं स्वतः फोनवर टाइप केलेली, शुद्धलेखन आजीवर गेलेलं नाही. ते सुधारलं. उरलेल्या तीन : चौऱ्याहत्तर, चौऱ्याऐंशी, चौऱ्याण्णव.

वाचकहो, तुमच्या लक्षात आलं का? मला ते वाचताक्षणी चमकलं. तिन्हींच्या सुरुवातीला 'चौऱ्या'!

मराठीच्या तासाला आम्ही हमखास विचारायचो, 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतला फरक सांगा. एक गुरुजींना, दुसरा स्वयंपाक्यांना. हा जो आडव्या भुवईसारखा र आहे तो मराठीचं खास लेणं. हिंदीचं त्याच्यावाचून अडत नाही. यूनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली, देवनागरी त्यात होती. पण ह्या भुवईच्या र चं काय करायचं? एक रीत अशी, की साधा र, मग हलन्त, आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह, ज्याला रुंदीच नाही. १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीतली ही पद्धत. दुसरी रीत, खाली टिंब असलेला ऱ घ्यायचा आणि त्याला हलन्त द्यायचा. हा ऱ मुळात द्राविडी भाषांतला एक वेगळा र देवनागरीत लिहिण्यासाठी आहे, मराठीनं तो आपल्या कामाला लावला. पुढे दुसरी रीत रूढ झाली, पण जुनं लिखाण वाचता यावं म्हणून पहिलीही ठेवली. डोळ्यांना दोन्हींत काडीचा फरक दिसत नाही.

मी फायलींना नावं दिली ती जुन्या टंकनसाधनानं, त्यात अदृश्य जोडचिन्ह होतं. नातवानं यादी केली फोनवर, त्यात टिंबवाला ऱ. विंडोज नावातले संकेतांक जुळवून पाहतं, चेहरा बघत नाही. माझा विश्वास बसेना म्हणून रविवारी आला तेव्हा त्यानं माझ्याच फोल्डरात आपल्या पद्धतीच्या र चं 'चौऱ्याऐंशी' लिहून एक रिकामी फाइल ठेवली. एरवी त्याच नावाची दुसरी फाइल विंडोज ठेवू देत नाही. इथे दोन्ही शेजारी शेजारी बसल्या, जुळ्या बहिणींसारख्या. चष्मा काढून पाहिलं, घालून पाहिलं.

तुम्ही म्हणाल, बाई, तीस फायली हातानं उघडून शोधल्या असत्यात तर एका संध्याकाळचं काम होतं. खरं आहे. शेवटी त्या तीन मी हातानंच उघडल्या. आधी चौऱ्याऐंशी. ओळी खाली सरकवत गेले आणि तो सापडला. जून १९८४, इयत्ता पाचवी, वडिलांचं नाव, जात, जन्मतारीख, सगळं. दोनच वर्षांनी शाळा सोडल्याची नोंद, कारण 'पालकांचे स्थलांतर'. शहाऐंशी हा आकडा त्याच्या डोक्यात कुठून आला ते तेव्हा कळलं. ते साल शाळा सोडल्याचं होतं.

नातवानं मग स्क्रिप्ट बदलली. आता ती आमच्या यादीतली नावं घेऊन फोल्डरचं दार वाजवत नाही. तुझ्याकडे कोणकोण आहे, असं फोल्डरलाच विचारते आणि असतील तेवढ्या सगळ्या फायली उघडते. एखादी उघडली नाही तर तिथल्या तिथे थांबून नाव सांगते. हे मी हट्टानं करायला लावलं.

सोमवारी तो नंबर घेऊन शाळेत गेला. कारकुनांनी शब्द पाळला, चौऱ्याऐंशीचं रजिस्टर काढून अर्ध्या तासात उतारा दिला. त्यानं मूळ पानाचा फोटो मला पाठवला. कडा झिजल्या आहेत, एका कोपऱ्याला वाळवीनं नक्षी काढली आहे, पण ओळ शाबूत आहे. शेवटच्या रकान्यात 'वर्तन : चांगले', आणि अक्षर माझं.

प्रस्ताव समितीकडे गेला आहे, निर्णय यायचा आहे. फायलींची नावं आकड्यांत करून देतो, असं नातू दोनदा म्हणाला. मी अजून हो म्हटलेलं नाही.